बयाजीच्या खोप्यातले घातक द्रव्य

नदी जिथे दोनदा वळते आणि तिसऱ्यांदा वळायचा कंटाळा करते, तिथे एक जंगल होते. त्या जंगलात लोकशाही होती आणि बिबट्याही होता. दर पाच पावसाळ्यांनी सर्व प्राणी रांगेत उभे राहून आपला राजा निवडत, आणि दर वेळी बिबट्याच निवडून येई. मतमोजणी त्याच्या गुहेत होत असे आणि मोजणारे तेथून लवकरात लवकर बाहेर येण्यास उत्सुक असत.

राजा तसा वाईट नव्हता. भूक नसताना तो अतिशय विचारी असे. अशाच एका भरल्या पोटीच्या दुपारी त्याच्या कानावर आले की डोंगरापलीकडच्या राज्यात अंधारात चमकणारे खडे सापडले आहेत. तिथला राजा तरस, आणि तो ते खडे समोर मांडून बसतो. त्यामुळे आसपासची राज्ये त्याला घाबरतात.

"आपल्याकडे का नाहीत?" बिबट्याने विचारले.

आपल्याकडे ते कोणी खोदले नव्हते म्हणून नव्हते. तेव्हा उत्तरेच्या टेकडीवर खोदकाम काढण्यात आले. मजुरीला सायाळी लावल्या, ठेका कोल्ह्याला दिला, आणि चौथ्या महिन्यात हिरवट उजेडाचा पहिला खडा वर आला. त्या दिवशी राजाने टेकडीवरून भाषण केले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," राजा म्हणाला, "आजवर या राज्याला अंधारात ठेवण्यात आलं. इथून पुढं आपण चमकणार. तुम्ही चमकाल, तुमची पिल्लं चमकतील. उजेड आमचा, हक्काचा."

"उजेड आमचा, हक्काचा," असे सर्वजण म्हणाले. सायाळी म्हणाल्या नाहीत. त्यांचे काटे गळू लागले होते आणि त्या ते वेचत होत्या. आरोग्य खात्याने खुलासा केला की काटे गळणे हे ऋतुमानाप्रमाणे आहे. कोणत्या ऋतूच्या मानाप्रमाणे, ते खुलाशात नव्हते.

खाणीतून निघालेला चुरा कोल्ह्याने नदीकाठी ओतला. करारात काटेरी कुंपणाची अट होती. कोल्ह्याने तिथे एक पाटी लावली: 'येथे कुंपण आहे.' महिनाभरात त्या काठावरचे बेडूक मेले. मग पाणकोंबड्या आजारी पडल्या. मग जंगलात कुजबुज सुरू झाली, आणि सरकारला कठोर पाऊल उचलणे भाग पडले. सरकारचे कठोर पाऊल म्हणजे नेहमी कायदा असतो, कारण कुंपणाला काटे लागतात.

कायद्याचे नाव होते 'घातक द्रव्य (बाळगणे, बाळगू पाहणे व बाळगल्याचा संशय येणे) प्रतिबंधक कायदा'. तो गृहमंत्री घोणसबाईंनी मांडला. बाई लठ्ठ, संथ आणि अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या; त्यांचा आवाज वाढलेला ऐकणारा पुढे फार काळ साक्षीला राहत नसे.

"कलम तीन," बाईंनी वाचले, "द्रव्य ज्याच्या जागेत आढळेल, तोच ते बाळगणारा समजला जाईल. कलम चार: आपण बाळगत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच राहील. कलम पाच: जामीन नाही. शिक्षा, पंख असल्यास पंख छाटणे. नसल्यास जे असेल ते."

विरोधी पक्षनेता मुंगूस उठून उभा राहिला. "अध्यक्ष महाराज, घातक द्रव्याच्या व्याख्येत विष येतं का?"

"येतं," बाई म्हणाल्या.

"मग बाईंच्या गालात काय आहे?"

"ते माझ्या माहेरचं आहे."

सभागृह गंभीर झाले. कलम सहा तिथल्या तिथे जोडण्यात आले: जन्मजात व वंशपरंपरागत विष हा सांस्कृतिक वारसा समजून त्यास हा कायदा लागू होणार नाही. राज्याच्या ताब्यातील खाणीसही तो लागू नव्हता, कारण राज्य बाळगत नाही, राज्य सांभाळते. 'बाळगाल तर भोगाल' ही घोषणा ठरली आणि सुतारपक्ष्याने ती झाडोझाड ठोकून दवंडी दिली. दवंडीच्या शेवटी असेही होते की सात दिवसांत जो स्वतःहून माहिती देईल, त्याचा सहानुभूतीने विचार होईल.

अंमलबजावणी त्याच आठवड्यात सुरू झाली. चारशे काजवे पकडण्यात आले. त्यांनी हमीपत्र लिहून दिले की यापुढे ते फक्त दिवसाच चमकतील, तेव्हा त्यांना सोडण्यात आले.

आता बयाजीविषयी.

बयाजी हा सुगरण पक्षी होता. माणसांनी या पक्ष्याला बायकी नाव दिले असले, तरी खोपा विणतो तो नर. खोपा अर्धा झाला की मादी पाहायला येते, आत शिरते, एकेक काडी चोचीत धरून ओढून बघते. पसंत पडला तर राहते, नाही पडला तर काही न बोलता निघून जाते. त्यामुळे या समाजात लग्नाआधी नर फार नम्र असतात. अर्ध्या खोप्याच्या आतल्या भिंतीला ओल्या चिखलाचे गोळे लावण्याची त्यांची रीत आहे. का लावायचे, हे कोणी विचारत नाही. वडील लावत असत. हौशी नर त्या चिखलात काहीतरी चमकते रोवतात, म्हणजे पाहायला येणारीला घर उजेडाचे वाटते.

मागच्या हंगामात बयाजीचे चार खोपे नापसंत झाले होते. विहिरीवरच्या बाभळीवर जिथे कुणी राहत नाही अशा जागेला 'बयाजीकडे' म्हणत. यंदा तो चिखल आणायला नदीकाठी गेला, तेव्हा पाटीच्या पायाशी त्याला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा खडा दिसला. पाटी त्याने वाचली नाही. वाचली असती, तरी कुंपण शोधण्यात त्याचा दिवस गेला असता. त्याने खडा उचलला, घरी नेला आणि चिखलात नीट मधोमध बसवला.

दुसऱ्या दिवशी साळू नावाची मादी पाहायला आली.

"हे काय लावलंय?" तिने विचारले.

"उजेड."

"विझतो का?"

"अजून तरी नाही विझला."

साळूने खालची काडी ओढली. वरची गाठ ओढली. मग आत बसून जरा वेळ हिरव्या उजेडात स्वतःचे पंख पाहिले. "खोप्याचा गळा आणखी लांब विणा," ती म्हणाली. "पिल्लं पडतील." तेव्हा बयाजीला कळले की ती राहणार आहे.

तिने तीन अंडी घातली. पाच-सहा दिवसांत बयाजीच्या मानेची पिसे झडली. अंडी उबवताना मादीच्या पोटाची पिसे झडतातच, परंतु साळूच्या पाठीचीही झडू लागली. त्याच सुमारास बाभळीच्या खोडावर दवंडी ठोकली गेली. दोघांनी ती ऐकली आणि मग दोघांनी त्या चिखलाच्या गोळ्याकडे पाहिले.

"फेकून द्या," साळू म्हणाली.

"फेकला तर दुसऱ्याच्या जागेत जाईल. त्याची पिल्लं मरतील," बयाजी म्हणाला. "सरकारनं मागितलंय, तर सरकारलाच देऊ. सात दिवस दिलेत त्यांनी."

बयाजीने आयुष्यात पाच खोपे विणले होते आणि एकही गाठ खोटी मारली नव्हती. सरकारही तसेच विणलेले असते, असा त्याचा समज होता.

चौकीवर फौजदार खवल्या मांजर बसले होते. हा प्राणी अंगभर खवल्यांचा असतो आणि अडचणीचा विषय निघाला की स्वतःचा चेंडू करून घेतो. पोलीस खात्यात या गुणावर त्यांची तीनदा बढती झाली होती.

"साहेब, माझ्या घरात एक खडा आहे," बयाजी म्हणाला. "तेवढा घेऊन जा."

"कसला खडा?"

"दवंडीतला."

फौजदारांचा तत्काळ चेंडू झाला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "बयाजी, हे तू मला सांगायला नको होतंस."

"दवंडीत सांगा म्हणून होतं."

"दवंडीत सगळंच असतं रे. आता मला कारवाई करावी लागणार. तुझ्या जागेत सापडला म्हणजे तू बाळगणारा."

"सापडला कुठं? मी सांगितला."

"म्हणजे कबुली," चेंडू म्हणाला आणि थोडा सैल झाला, कारण आता तपास संपला होता.

बयाजीला वारुळाच्या पोकळीत कोंडण्यात आले. दोन कासवांना पंच म्हणून घेऊन फौजदार बाभळीखाली आले. पंच झाडावर चढू शकत नसल्याने खालूनच पंचनामा झाला. खडा मात्र हलवता येईना. घातक द्रव्य वाहून नेण्यास परवाना लागे, परवाना घोणसबाईंच्या खात्यातून मिळे, आणि परवाना मिळेपर्यंत मुद्देमाल जागेवरच ठेवायचा, असा नियम होता. कोळ्याला बोलावून खोप्याच्या तोंडावर जाळ्याचे सील करण्यात आले. साळूने ते पहिल्याच फेरीत फाडले. फौजदारांनी गुन्हा नोंदवला. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी नोंदवणे सोडून दिले.

"अंड्यांना अजून नऊ दिवस आहेत, साहेब," साळू म्हणाली. "त्याच्या आत तो खडा बाहेर निघाला पाहिजे. मी काढू का?"

"पुरावा नष्ट केलास तर बयाजीचे पंख मुळापासून जातील."

"मग तुम्ही काढा."

फौजदारांचा चेंडू झाला.

पाचव्या दिवशी खटला न्यायमूर्ती घोरपडींपुढे आला. त्या वृद्ध, प्रामाणिक आणि चिवट होत्या. ज्या खुर्चीला त्या एकदा चिकटल्या होत्या, तिच्यापासून त्यांना निवृत्तीही अलग करू शकली नव्हती.

"आरोपी, खडा तुझ्या घरात आला त्या दिवशी तू कुठे होतास?"

"नदीकाठी चिखल आणत होतो, महाराज."

"आणि दवंडी झाली त्या संध्याकाळी?"

बयाजीने साळूकडे चोरून पाहिले. "शेजारच्या फांदीवर होतो. दुसरा खोपा सुरू केला होता."

"दुसरा खोपा?" साळूने मागच्या फांदीवरून विचारले.

"शांतता," न्यायमूर्ती म्हणाल्या.

"नाही, शांतता असू दे महाराज, पण दुसरा खोपा कुणासाठी?"

"रीत आहे," बयाजी पुटपुटला. "सगळेच विणतात."

"आधी सुटून या," साळू म्हणाली. "मग रीत बघते."

सरकारतर्फे ठेकेदार कोल्ह्याची साक्ष झाली. आपले सर्व खडे कुंपणाच्या आत सुरक्षित आहेत, असे त्याने शपथेवर सांगितले. कुंपण कुठे आहे, असे विचारले असता त्याने पाटी वाचण्याची विनंती केली. न्यायमूर्तींनी पाटीची नक्कल मागवून वाचली. तिच्यात कुंपण असल्याचे स्पष्ट लिहिले होते.

"महाराज," साळू म्हणाली, "खटला कितीही दिवस चालवा. पण तो खडा तेवढा काढायला सांगा. आणखी चार दिवसांनी माझी पिल्लं बाहेर येतील. त्यांच्या अंगावर सुरुवातीला काहीच नसतं."

घोरपडबाई खरोखरच वाईट नव्हत्या. त्यांनीही वाळूत अंडी घातली होती. "बाई," त्या म्हणाल्या, "तुझा नवरा दोषी आहे याचा पुरावा तो खडाच, आणि निर्दोष असेल तर त्याचाही पुरावा तोच. मी तो हलवायला कसा सांगू? पुढची तारीख वीस दिवसांनी."

साळू खोप्यात परतली. तिने अंड्यांवर बसून पाहिले, उठून पाहिले, मध्ये पंख धरून पाहिले. हिरवा उजेड पंखातून आरपार येत होता. मग तिने कायद्याचे तिसरे कलम आठवले आणि खोप्याची काडी ओढून पाहावी तसे ते शब्दाशब्दाने ओढून पाहिले. एक गाठ सैल लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाचे कामकाज सुरू असताना ती उघड्या छतातून आत आली आणि राजाच्या समोरच्या सपाट दगडावर तिने तो खडा ठेवला.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "परत आणून दिलंय."

काही वेळ कोणी श्वास घेतला नाही. श्वासाबरोबर द्रव्य बाळगले जाते की नाही, याबद्दल तेव्हा स्पष्टता नव्हती.

मुंगूस प्रथम सावरला. "अध्यक्ष महाराज, कलम तीन. द्रव्य ज्याच्या जागेत आढळेल, तोच बाळगणारा. राजांनी राजीनामा द्यावा."

बिबट्याने शेपटीचे टोक किंचित हलवले. खडा दगडावरून घरंगळला आणि विरोधी बाकांपाशी जाऊन थांबला.

"मी राजीनाम्याची मागणी तूर्त स्थगित करतो," मुंगूस म्हणाला आणि पायाने खडा मधल्या वाटेत ढकलला. तिथून तो एका रानडुकराने अपक्षांकडे लोटला, अपक्षांनी तो मंत्र्यांकडे, मंत्र्यांनी वार्ताहर टिटव्यांकडे. टिटव्या ओरडत उडाल्या. अखेरीस तो सभागृहाच्या बरोबर मध्यभागी राहिला, जिथे कोणाचीच जागा नव्हती, आणि म्हणून सगळ्यांचीच होती.

घोणसबाई सावकाश उलगडल्या. "दुरुस्ती मांडते," त्या म्हणाल्या. "एक, सभागृहात घातक द्रव्य असू शकत नाही. दोन, जे सभागृहात आहे, ते म्हणून घातक द्रव्य नाही. तीन, सभासद हा बाळगणारा असू शकत नाही."

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. त्या सभागृहाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेली ती पहिलीच गोष्ट. नंतर गवताच्या प्रश्नावर चर्चा पुढे सुरू झाली. खडा तिथेच राहिला. त्याच्याकडे न पाहता त्याला वळसा घालून जाण्याची सभासदांना लवकरच सवय झाली. महिनाभरात बऱ्याच सभासदांचे केस गेले. जंगलात टक्कल हे अनुभवी नेतृत्वाचे लक्षण मानले जाऊ लागले आणि काही तरुण इच्छुकांनी मुद्दाम अंगाचे केस काढून घेतले.

साळूवर मात्र खटला भरता आला नाही. तिने खडा हलवला असे म्हणायचे, तर तो कुठे नेला हे लिहावे लागले असते. त्या रकान्यापाशी आले की फौजदारांचा चेंडू होई.

ठरल्या दिवशी दोन अंडी फुटली. तिसरे फुटले नाही. साळूने त्याच्यावर आणखी दोन दिवस बसून पाहिले, मग ते चोचीने हळूच काठाशी सारले. पिल्लांपैकी एकाच्या डाव्या पंखाला पिसे फार उशिरा आली, पण आली. तिने दोघांना वारुळाच्या भोकापाशी नेऊन बयाजीला दाखवले.

"डावीकडचा तुमच्यासारखा आहे," ती म्हणाली. "ज्याला त्याला खरं सांगत सुटतो."

वीस दिवसांनी न्यायालय भरले. बयाजीला वाटले, खडाच नाही तर आपण सुटलो.

"तसं नाही," न्यायमूर्ती थकल्या आवाजात म्हणाल्या. "तू बाळगत नव्हतास हे तुला सिद्ध करायचंय. त्यासाठी तो खडा तुला इथे हजर करावा लागेल."

"तो सभागृहात आहे, महाराज."

"सभागृहात असं काही नाही. ठराव झालाय."

"मग तो कुठंच नाही."

"मग तू तो हजर करू शकत नाहीस," न्यायमूर्ती म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. पुढची तारीख."

अशा अकरा तारखा झाल्या. पिल्ले मोठी झाली. तुरुंगातल्या वाळव्या बयाजीला ओळखू लागल्या. त्याने गवताच्या काड्यांचा एक खोपा आतल्या आत विणला आणि तो कारागृहाच्या नियमाप्रमाणे जप्त झाला. मग निवडणूक आली.

सत्ताधारी पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात घातक द्रव्य बाळगण्याची शिक्षा दुप्पट करण्याचे आश्वासन दिले. विरोधी पक्षाने यास जनतेची फसवणूक म्हटले आणि तिप्पट करण्याचे आश्वासन दिले. त्याच आठवड्यात कोल्हा वारुळापाशी आला. तो आता ठेकेदारी सोडून सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस झाला होता.

"बयाजीराव," तो म्हणाला, "बाभळीच्या मतदारसंघातून तुम्ही उभं राहावं, अशी वरून इच्छा आहे. तुमच्याबद्दल लोकांना सहानुभूती आहे. दवंडीत आम्ही सहानुभूतीचा शब्द दिलाच होता."

"मी तुरुंगात आहे."

"तुरुंगातल्याला मत देता येत नाही. उभं राहता येतं."

"आणि निवडून आलो तर?"

"सभासद हा बाळगणारा असू शकत नाही," कोल्हा म्हणाला. "दुरुस्ती आहे. त्याच दिवशी घरी."

बयाजी भोकाजवळ सरकला. "तिथं तो खडा अजून आहे का?"

"कुठला खडा?" कोल्ह्याने मनापासून विचारले.

बयाजीने दोन दिवसांची मुदत मागितली आणि साळूला निरोप पाठवला. ती आली. तिने सगळे ऐकून घेतले.

"ज्यांनी कोंडलं, त्यांच्यातच जायचं?" बयाजी म्हणाला. "मी आजवर खोटी गाठ मारली नाही, साळू."

"मला ठाऊक आहे. मी ओढून पाहिल्यात." तिने भोकातून चोच आत घातली आणि त्याच्या मानेवर उगवलेली नवी पिसे सारखी केली. "पोरं विचारतात. बाप घरी नसणं ही रीतच आहे, असं मी त्यांना किती दिवस सांगू? तुम्ही या. पण सभागृहातून आलात की आधी नदीच्या वरच्या अंगाला आंघोळ करायची, मग खोप्याला हात लावायचा. आणि बसायची जागा दाराजवळची मागा."

बयाजीने अर्जावर पंजा उठवला. प्रचारात त्याच्याकडून एकच वाक्य घोकून घेण्यात आले, 'बाळगाल तर भोगाल', आणि ते तो इतक्या खाली मान घालून म्हणे, की श्रोत्यांना ते विनयाचे वाटे. तो मोठ्या मताधिक्याने निवडून आला. गुहेतून निकाल बाहेर येताच फौजदारांनी स्वतः वारूळ उकरून त्याला बाहेर काढले आणि सलाम केला. शपथविधीच्या वेळी घोणसबाईंनी त्याच्या गळ्यात हार घातला. तो हार घालून घेताना बयाजीने डोळे मिटले होते. त्याला जागा मधल्या रांगेत मिळाली; दाराजवळच्या सर्व जागा ज्येष्ठ सभासदांनी आधीच मागून घेतल्या होत्या.

त्याच संध्याकाळी सरकारने समाधानाने जाहीर केले की कायदा संपूर्ण यशस्वी झाला असून घातक द्रव्य बाळगणारा आता राज्यात एकही उरलेला नाही.